कोहमाऱ्यातला ‘ऱ्य’: वरची भाषा खालच्या कोडला हाक मारते तेव्हा

आजचा एपिसोड इतिहासाचा आहे, पण यात गड-किल्ले नाहीत. आज एका जोडाक्षराचा इतिहास सांगतो, आणि त्याच्या निमित्ताने प्रोग्रॅमिंगमधल्या एका जुन्या सोयीचा. नेहमीप्रमाणे हा एपिसोडचा लिखित पाठ आहे. बोलताना जसं आलं, तसंच बरंचसं ठेवलंय. वाचताना फोन हातात असेलच, शेवटी तो लागणार आहे.

आमच्या गावाचं नाव कोहमारा. गोंदिया जिल्हा, सडक अर्जुनी तालुका. मुंबई-कोलकाता हायवे, म्हणजे आताचा राष्ट्रीय महामार्ग ५३, इथून जातो, आणि गोंदियाकडून गोरेगावमार्गे येणारा रस्ता इथेच त्याला मिळतो. ‘कोहमारा’ हा शब्द कुठल्याही फोनवर नीट उमटतो. त्यात अवघड काहीच नाही. पण ‘कोहमाऱ्याला’ लिहायला घ्या. ‘भंडाऱ्याहून कोहमाऱ्याला’ लिहा. आता त्यात तो ‘ऱ्य’ आला. हा ‘ऱ्य’ ‘सूर्य’मधल्या ‘र्य’पेक्षा वेगळा आहे. ‘सूर्य’मध्ये र डोक्यावर चढतो, त्याला आपण रफार म्हणतो. ‘कोहमाऱ्या’त र बाजूला, पापणीच्या केसासारखा वळतो.

फरक फक्त दिसण्याचा आहे, असं वाटत असेल तर हे वाचा. लग्नघरच्या ग्रुपवर मेसेज आला: ‘आचाऱ्यांना पैसे द्या.’ म्हणजे स्वयंपाक करणाऱ्यांना. आणि हाच मेसेज ‘आचार्यांना पैसे द्या’ असा दिसला तर पैसे कोणत्यातरी गुरुजींकडे जातील. मराठीत हे दोन वेगळे शब्द आहेत, आणि हा फरक हिंदीत नाही. त्यामुळे ‘देवनागरी दिसते ना, मग झालं’ एवढ्याने मराठीचं काम होत नाही.

मग प्रश्न असा की हा ‘ऱ्य’ तुमच्या फोनवर काढतं कोण?

वरचा मजला, खालचा मजला

अँड्रॉइडचं ॲप बहुतेक वेळा जावा किंवा कोटलिनमध्ये लिहिलेलं असतं. या वरच्या भाषा. इंग्रजीत यांना हाय लेव्हल म्हणतात. यात मेमरी सांभाळायचं काम तुमच्यासाठी दुसरं कोणी करतं, चूक झाली तर नीट एरर मिळतो, आणि तोच कोड वेगवेगळ्या प्रोसेसरवर चालतो.

खालच्या मजल्यावर नेटिव्ह कोड असतो. सी किंवा सी प्लस प्लसमध्ये लिहिलेला आणि थेट त्या प्रोसेसरच्या भाषेत कंपाइल केलेला. वेगवान, पण सांभाळणारं कोणी नाही. चुकीच्या मेमरीत हात घातला तर ॲप जागच्या जागी बंद.

वरच्या भाषेतून खालचा कोड बोलावणं, याला फॉरेन फंक्शन इंटरफेस म्हणतात, थोडक्यात एफएफआय. जावामध्ये यासाठी जेएनआय आहे, जावा नेटिव्ह इंटरफेस. तो १९९७ मध्ये जेडीके १.१ सोबत आला. पायथनमध्ये सीटाइप्स आहे, तो २००६ च्या पायथन २.५ पासून पायथनसोबतच येतो. ज्यांनी शाळेत किंवा कॉलेजात व्हिज्युअल बेसिक केलंय त्यांनी ‘डिक्लेअर फंक्शन’ लिहून विंडोजच्या डीएलएलमधलं फंक्शन बोलावलं असेल. तेही हेच.

आता एक ॲप तुम्हाला ‘कोहमाऱ्याला’ हा शब्द दाखवतं. ॲपकडे काय असतं? फक्त आकडे. युनिकोडमध्ये र चा नंबर हेक्समध्ये ०९३० आहे आणि ऱ चा ०९३१. ‘आचार्यांना’ या शब्दात दहा आकडे, ‘आचाऱ्यांना’मध्येही दहाच. त्यातला एकच वेगळा, आणि तोही फक्त एकाने. या आकड्यांवरून रफार काढायचा की पापणीचा र, वेलांटी कोणत्या अक्षराच्या आधी नेऊन ठेवायची, क आणि ष एकत्र करून ‘क्ष’ कधी करायचा, हे ठरवायला नियमांचा मोठा डोंगर लागतो. या कामाला शेपिंग म्हणतात. हे काम वरचा जावा कोड करत नाही. तो खालच्या मजल्याला हाक मारतो.

इतिहास इथून सुरू होतो, कारण ही हाक मारायची सोय मराठीला सरळ मिळालेली नाही. त्याआधी तीन वेगवेगळ्या युक्त्या होऊन गेल्या.

युक्ती पहिली: वरच्याला पत्ता लागू न देणं

१९८० च्या दशकात आयआयटी कानपूरमध्ये आर. एम. के. सिन्हा, मोहन तांबे आणि त्यांचे सहकारी भारतीय लिपी कॉम्प्युटरवर आणायचं काम करत होते. त्यातून जिस्ट हे तंत्र तयार झालं. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक सुरू झालं आणि जिस्टचं काम तिथे आलं. सी-डॅक म्हटलं की आपल्याला विजय भटकर आणि परम सुपरकॉम्प्युटर आठवतो, पण सामान्य ऑफिसात पोचलं ते जिस्ट कार्ड.

हे कार्ड पीसीच्या आत बसवायचं. तेव्हा डॉसचा जमाना. डीबेस, वर्डस्टार, लोटस असे प्रोग्रॅम. त्या प्रोग्रॅमना देवनागरी म्हणजे काय ते माहीतच नव्हतं. ते आपले स्क्रीनवर एकेक बाइट पाठवायचे. जिस्ट कार्ड मधेच ते बाइट धरायचं, त्यातून जोडाक्षरं तयार करायचं आणि स्क्रीनवर देवनागरी उमटवायचं. वरचा प्रोग्रॅम एक ओळही बदलावा लागत नसे.

युक्ती हुशार होती, पण नीट बघा: इथे वरच्या प्रोग्रॅमने खालच्याला हाक मारलेलीच नाही. खालच्याने वरच्याचं बोलणं चोरून ऐकलं आणि त्याला न सांगता काम केलं. त्यामुळे वरच्याला खालच्याशी बोलताच येत नव्हतं. ‘हा शब्द किती रुंद होईल’ असं डीबेसने विचारायचं ठरवलं, तरी विचारायला दारच नाही.

याच काळातली एक गोष्ट मात्र आजही आपल्या कामी येते. भारतीय लिपींचे आकडे ठरवणाऱ्या इस्की नावाच्या कोडची एक आवृत्ती १९८८ मध्ये आली आणि १९९१ मध्ये तो भारतीय मानक १३१९४ म्हणून पक्का झाला. त्याचा नियम साधा होता: अक्षराचा अर्थ साठवा, आकार साठवू नका. ‘कि’ साठवताना आधी क, मग वेलांटी, भले डोळ्यांना वेलांटी आधी दिसो. युनिकोडने देवनागरीचा तक्ता इस्कीच्या १९८८ च्या आवृत्तीवरून घेतला. म्हणजे तुमच्या फोनमधल्या मराठी अक्षरांचा क्रम ज्या कामातून आलाय, ते काम भारतात झालेलं आहे.

युक्ती दुसरी: आकारच साठवून टाकणं

विंडोज आलं, डीटीपी आलं, आणि कार्डाची जागा फॉन्टने घेतली. श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव. गल्लीतल्या झेरॉक्सच्या दुकानात आजही कृतिदेव सापडतो. याची युक्ती वेगळी. इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवायचे. कृतिदेवमध्ये इंग्रजी डी च्या जागी क, ई च्या जागी म, वाय च्या जागी ल. तुम्ही ‘कमल’ लिहिलं असं तुम्हाला वाटतं, पण फाइलमध्ये असतं डी, ई, वाय. त्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नसेल तर तेच दिसतं. ‘सर, माझी फाइल चायनीज झाली’ ही तक्रार यातूनच यायची.

इथे शेपिंगची गरजच काढून टाकली होती. रफार एक वेगळा आकार, वेलांटी एक वेगळा आकार, टाइप करणाऱ्याने ते डोळ्यांना दिसतील त्या क्रमाने ठेवायचे. म्हणजे खालच्या कोडने करायचं काम माणसाच्या बोटांनी केलं. छपाई उत्तम झाली, वर्तमानपत्रं निघाली, निवडणुकीची पत्रकं निघाली. पण त्या फाइलमध्ये ‘कमल’ शोधायला गेलात तर मराठी ‘कमल’ तिथे कधी नव्हतंच. शोधता येत नाही, क्रमाने लावता येत नाही, मोठ्याने वाचून दाखवता येत नाही. कित्येक वर्षांचा मराठी मजकूर असा कागदावर मराठी आणि मशीनसाठी निरर्थक होऊन पडलाय.

युक्ती तिसरी: लांबच्या गावाला काम पाठवणं

ही युक्ती तुमच्या दादा-ताईला विचारा. साधारण २००९-१० च्या सुमारास साध्या फोनवर, आणि तेव्हाच्या अँड्रॉइडवरही, मराठी वेबसाइट उघडली की चौकोनी डबे दिसायचे. त्यावर उपाय म्हणून सगळे एकमेकांना ऑपेरा मिनीची एक सेटिंग सांगायचे. अॅड्रेसच्या जागी ‘ऑपेरा कॉन्फिग’ टाका, सगळ्यात खाली जा, अवघड लिपींसाठी बिटमॅप फॉन्ट वापरा या ओळीपुढे ‘येस’ करा, सेव्ह करा. झालं, मराठी दिसायला लागायची.

त्यात काय घडत होतं? त्या साध्या फोनवर जावा एमई चालायचं. त्यात बाहेरून आलेल्या ॲपला स्वतःचा नेटिव्ह कोड सोबत आणायची सोयच नव्हती. म्हणजे फोनच्या खालच्या मजल्याला देवनागरी येत नसेल तर वरच्या ॲपने करायचं काय? ऑपेरा मिनीने हाक फोनच्या बाहेर मारली. कंपनीच्या सर्व्हरवर अक्षरं काढली जायची आणि त्यांचं छोटं चित्र तुमच्या फोनवर यायचं. तुम्ही वाचत होतात ते अक्षराचं चित्र. कॉपी करता येत नव्हतं, पण वाचता येत होतं, आणि तेव्हा तेवढंही खूप होतं.

दार उघडतं

खरं दार आधी कॉम्प्युटरवर उघडलं. विंडोज २००० मध्ये युनिस्क्राइब नावाची डीएलएल होती. कोणत्याही ॲपने तिला मजकूर द्यायचा, तिने कोणते आकार कुठे ठेवायचे ते परत सांगायचं. सोबत मंगल नावाचा फॉन्ट होता. तो केला होता र. कृ. जोशी यांनी. मराठी कवी, सुलेखनकार, मुंबईच्या एनसीएसटीमध्ये काम करणारे. म्हणजे विंडोजवरची सुरुवातीची देवनागरी एका मराठी माणसाच्या हातची आहे.

मोकळ्या सॉफ्टवेअरच्या जगात हे काम हार्फबझ या लायब्ररीने केलं. बेहदाद एस्फाहबोद हा इराणी वंशाचा इंजिनिअर तिच्यामागे आहे. नावही फारसी आहे: हर्फ म्हणजे अक्षर, बाझ म्हणजे उघडं. ओपनटाइपचं सरळ भाषांतर. २०१२ च्या आसपास भारतीय लिपींचा भाग नव्याने लिहिताना त्याने सात लाखांहून जास्त देवनागरी शब्द हार्फबझ आणि युनिस्क्राइब दोन्हींतून काढून घेतले आणि कुठे फरक पडतो ते मोजत गेला. फरक बोटांवर मोजण्याइतके उरेपर्यंत.

हार्फबझ सी प्लस प्लसमध्ये लिहिलेली आहे, पण तिचं दार सी भाषेचं आहे. हे मुद्दाम. सी प्लस प्लस कंपाइलर फंक्शनची नावं आपल्या सोयीने बदलून ठेवतो, आणि प्रत्येक कंपाइलरची पद्धत वेगळी असू शकते. सी ची पद्धत साधी आणि पन्नास वर्षं जुनी. फंक्शनचं नाव, आत काय द्यायचं, बाहेर काय मिळतं, बस. त्यामुळे जावा, पायथन, रस्ट, गो, कोणालाही हे दार वाजवता येतं. एकमेकांची भाषा न येणारे दोन ड्रायव्हर हायवेच्या ढाब्यावर मोडक्या हिंदीत बोलून काम भागवतात ना, तसं सी हे प्रोग्रॅमिंग भाषांचं ढाब्यावरचं हिंदी झालंय.

आज हार्फबझ अँड्रॉइडमध्ये आहे, क्रोममध्ये आहे, फायरफॉक्समध्ये आहे, लिबरऑफिसमध्ये आहे. जावाच्या मूळ जेडीकेनेही २०१७ मध्ये, आवृत्ती ९ पासून, आपल्या जुन्या लेआउट इंजिनऐवजी हार्फबझ घेतली. म्हणजे पापणीच्या र चा नियम एकदा एका ठिकाणी नीट लिहिला गेला आणि हजारो ॲपला तो फुकट मिळाला. हीच या सोयीची खरी ताकद. नाहीतर प्रत्येक ॲप बनवणाऱ्याला मराठीचं जोडाक्षर वेगळं शिकावं लागलं असतं, आणि खरं सांगायचं तर बहुतेकांनी ते शिकलंच नसतं.

अँड्रॉइडमध्ये २०१४ च्या लॉलीपॉपमध्ये, म्हणजे ५.० मध्ये, मिनिकिन नावाचा नवा थर आला, जो हार्फबझला वापरून मजकूर मांडतो. त्याच आवृत्तीत फोनच्या भाषांच्या यादीत मराठी आली. सेटिंगमध्ये जाऊन पूर्ण फोन मराठी करता यायला लागला तो तेव्हापासून.

हाकेचा खर्च

थोडं इंजिनिअरिंग बोलू. वरून खाली हाक मारणं फुकट नाही. जावाच्या बाजूला गार्बेज कलेक्टर असतो, तो मेमरीतल्या वस्तू इकडून तिकडे हलवू शकतो. खालच्या कोडला हे माहीत नसतं. त्यामुळे मजकूर खाली देताना त्याची कॉपी करा किंवा ‘एवढा वेळ हलवू नका’ असं सांगा. उलट बाजूला, खाली तयार झालेली वस्तू जावाला कळत नाही. म्हणून अँड्रॉइडमधल्या जावाच्या ‘पेंट’ ऑब्जेक्टच्या पोटात एक ६४ बिटचा आकडा असतो. तो खालच्या मेमरीचा पत्ता. जावा तो आकडा नुसता सांभाळतो आणि दर हाकेला परत देतो. सामान ठेवून पावती घ्यावी, तसं.

गूगलने २०१७ मध्ये अँड्रॉइड ८ सोबत आकडे दिले होते. साध्या जेएनआय हाकेला सुमारे ११५ नॅनोसेकंद. काही बंधनं मान्य केली तर फास्टनेटिव्हने ३५, आणि क्रिटिकलनेटिव्हने २५. नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग, त्यामुळे एक हाक कोणाला जाणवणार नाही. पण तुम्ही चॅट वर सरकवता तेव्हा दर सेकंदाला साठ वेळा स्क्रीन नव्याने काढावी लागते. म्हणून मिनिकिन शब्दाशब्दाने मजकूर तोडतो आणि एकदा मांडलेला शब्द लक्षात ठेवतो. ‘कोहमाऱ्याला’ एकदा मांडला की लगेच पुन्हा आल्यावर सगळे नियम नव्याने चालवायची गरज नाही.

हाकेत काय सांगितलं, यावर मराठी ठरते

आता आजच्या एपिसोडचा मुख्य मुद्दा. खाली हाक मारताना फक्त मजकूर द्यायचा नसतो. भाषाही सांगायची असते. हार्फबझला भाषेचा कोड देता येतो: हिंदीसाठी एचआय, मराठीसाठी एमआर. का? कारण ल आणि श. मराठीचा पाकळीचा ल आणि हिंदीचा दंडाचा ल यांचा युनिकोड आकडा एकच आहे. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात मराठीसाठी ल आणि श ची रूपं ठरवून दिली होती. चांगल्या फॉन्टमध्ये दोन्ही रूपं असतात. पण फॉन्टला कसं कळणार की हा मजकूर मराठी आहे? वरच्याने सांगितलं तरच. ॲप बनवणाऱ्याने भाषा दिली नाही, तर खालचा कोड जे आपोआप ठरलेलं असेल ते काढतो, आणि ते बहुतेक वेळा हिंदी असतं.

एका पॅरामीटरचा प्रश्न आहे. वेबसाइट असेल तर पानाच्या सुरुवातीला लँग बरोबर एमआर. अँड्रॉइड ॲप असेल तर सेट टेक्स्ट लोकेल. एक ओळ. मराठी वेबसाइटचा सोर्स उघडून बघा, कितीतरी ठिकाणी तिथे इंग्रजीचा कोड असतो, कारण टेम्प्लेट तसंच आलेलं असतं. खालचा मजला तयार आहे, त्याला मराठी येते, वरून कोणी मराठीत हाकच मारत नाही.

पापणीच्या र चंही असंच. युनिकोडच्या तक्त्यात ऱ च्या शेजारी नोंद आहे की हे अक्षर द्राविडी भाषांतला एक उच्चार लिहिण्यासाठी आहे, आणि त्याचं अर्धं रूप म्हणजे हा पापणीचा र. म्हणजे ऱ, हलन्त, य अशी एक पद्धत. दुसरी पद्धत: साधा र, हलन्त, मग न दिसणारं एक जोडचिन्ह, मग य. स्क्रीनवर दोन्ही अगदी सारखे. पण आकडे वेगळे. त्यामुळे एकाने पहिल्या पद्धतीने ‘कोहमाऱ्या’ लिहिलं आणि तुम्ही दुसऱ्या पद्धतीने शोधलं, तर साधं सर्च म्हणेल, सापडलं नाही. खालच्याने चित्र बरोबर काढलं, पण तुलना वर होते आणि वरच्याला ही गंमत माहीत नसते.

तळमजल्याला भेग पडते तेव्हा

फेब्रुवारी २०१८. आयफोनवर एक तेलुगू अक्षर आलं की ॲप बंद पडायचं. मेसेजमध्ये आलं की मेसेज बंद, नोटिफिकेशनमध्ये आलं की फोन वापरणंच मुश्कील. लोकांनी गंमत म्हणून ते एकमेकांना पाठवलं. ॲप लिहिणाऱ्यांची काहीच चूक नव्हती. दोष होता ॲपलच्या मजकूर मांडणाऱ्या खालच्या थरात. ॲपलने १९ फेब्रुवारीला आयओएस ११.२.६ काढून तो दुरुस्त केला.

बातम्यांत सगळीकडे ‘तेलुगू अक्षर’ म्हणून आलं. पण आयआयटी मुंबईत शिकलेल्या मनीष गोरेगावकरने याचा माग काढला. तो तेव्हा मोझिलामध्ये होता. कोणकोणत्या अक्षरांच्या जोड्यांनी फोन पडतो ते त्याने एकेक करून तपासलं आणि ब्लॉगवर लिहिलं. निष्कर्ष असा की तेलुगूबरोबर धोका बंगाली आणि देवनागरीलाही होता. देवनागरीत जोडाक्षरात दुसरा र असेल, त्यापुढे एक न दिसणारं तोडचिन्ह असेल आणि मग मात्रा आली, तर तसंच व्हायचं. भारतीय लिपी ज्याला आतून माहीत आहे, त्याच्याच लक्षात येईल अशी गोष्ट.

ही फक्त गमतीची बाब नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये फ्रीटाइप या फॉन्ट वाचणाऱ्या सी लायब्ररीत मेमरीची एक चूक सापडली, आणि क्रोम वापरणाऱ्यांवर तिचा वापर करून हल्ले होत होते. वरच्या भाषेत चूक झाली तर एरर येतो. खालच्या मजल्यावर चूक झाली तर चोराला खिडकी मिळते. आणि फॉन्ट तर वेबसाइट बाहेरून पाठवते.

म्हणून आता तळमजलाच रस्टमध्ये बांधायचं काम चाललंय. रस्ट नेटिव्ह कोडइतकीच वेगवान, पण मेमरीच्या बऱ्याच चुका कंपाइल होतानाच पकडते. २०२५ मध्ये क्रोमने वेबसाइटचे फॉन्ट वाचायला फ्रीटाइपऐवजी रस्टमध्ये लिहिलेली स्क्रिफा वापरायला घेतली. युनिकोड संस्थेची आयसीयू फोर एक्स ही लायब्ररी, जिची १.० आवृत्ती २०२२ मध्ये आली, तीही रस्टमध्ये आहे. तारीख, आकडे, क्रमवारी अशी भाषेप्रमाणे बदलणारी कामं ती करते. तिच्या मुख्य लोकांपैकी एक मनीष गोरेगावकर.

आणि आपल्या विषयाशी याचा थेट संबंध असा की रस्टमधली लायब्ररी सी प्लस प्लस किंवा जावास्क्रिप्टने वापरायची तर पुन्हा दार लागणारच. दर भाषेसाठी ते दार हाताने लिहायचं म्हणजे कंटाळवाणं काम आणि चुकांना आमंत्रण. त्यासाठी डिप्लोमॅट नावाचं टूल बनवलं गेलं, त्यातही मनीषचा हात आहे. एकदा रस्टमध्ये सांगा काय बाहेर द्यायचं, बाकी भाषांची दारं टूल तयार करतं. डिप्लोमॅट म्हणजे दोन देशांत बोलणी करणारा. नाव अगदी बरोबर आहे.

मग आपण काय करायचं

जिस्ट कार्डाने चोरून ऐकलं, कृतिदेवने बोटांवर भार टाकला, ऑपेरा मिनीने परगावी चित्र काढून आणलं. या तिघांनी त्या त्या वेळी मराठी दाखवली, आणि ते छोटं काम नव्हतं. पण मराठी मजकूर शोधता येणारा, कॉपी करता येणारा, वाचून दाखवता येणारा झाला तो वरच्या आणि खालच्या कोडमध्ये नीट दार झाल्यावर. आता दार आहे, त्याच्या पलीकडे मराठी जाणणारा कोडही आहे. राहिलंय ते वरून बरोबर हाक मारणं, आणि ते काम आपल्यासारख्या ॲप आणि वेबसाइट बनवणाऱ्यांचं आहे. त्यासाठी पुण्यात किंवा बंगळुरूत राहायची गरज नाही.

तर फोन घ्या. तुम्ही रोज वापरता त्या चार-पाच ॲपमध्ये ‘आचाऱ्यांना’ आणि ‘आचार्यांना’ लिहून बघा. दोन्ही वेगळे दिसतात का? ल मराठी दिसतो का? मग पहिला शब्द शोधून बघा, सापडतो का? जिथे चुकतं तिथला स्क्रीनशॉट घ्या आणि त्या ॲपला फीडबॅकमध्ये पाठवा. ‘मराठी नीट दिसत नाही’ एवढंच लिहू नका. ‘मजकुराची भाषा एमआर द्या’ असं लिहा. पलीकडच्या इंजिनिअरला नेमकं काय करायचं ते लगेच कळतं. आणि तुमची स्वतःची वेबसाइट असेल, शाळेची, ग्रामपंचायतीची, दुकानाची, तर आजच ती एक ओळ तपासा.

कोणाच्या ॲपमध्ये काय सापडलं ते मला नक्की कळवा, पुढच्या एपिसोडच्या सुरुवातीला वाचून दाखवतो. भेटूया.